पल्पवाल्या बाईची वही

बावीस सीझन मी एकच काम केलं
पूर्णगडच्या फॅक्टरीत, टाकी नंबर दोनपाशी.
रसाचा एक थेंब काचेवर,
झाकण खाली, डोळा नळीला,
तोंड खाडीच्या उजेडाकडे
आणि आकडा मोठ्यानं सांगायचा.
सोळा. साडेसतरा. अठरा!
अठरा म्हटलं की शेठ स्वतः चहा सांगायचे.

आता टेबल माझ्या स्वयंपाकघरातलं,
थेंब माझा,
आणि आकडा मी मनातसुद्धा हळू वाचते.

मशीन स्वस्त आहे काकी, मेडिकलवाला नवाज म्हणाला,
पट्ट्या महाग.
म्हणजे होडी फुकट आणि डिझेल विकत.
पंचवीस पट्ट्या. डबी उघडली की लगेच बंद.
इथल्या हवेत पापड टिकत नाही, तिथे ही कागदाची जीभ काय टिकणार.

पहिल्या दिवशी सुई बोटाच्या मधोमध मारली
आणि त्याच बोटानं बांगडे साफ केले, मीठ लावलं.
बोटाला कडा कशासाठी असते ते तेव्हा कळलं.
आता कडेला टोचते, डाव्या हाताला.
आधी हात खाली सोडून थोडी थांबते,
रक्त उतरून येईपर्यंत.

वही फॅक्टरीचीच, उरलेली.
छापील रकाने: बॅच, वेळ, ब्रिक्स, सही.
बॅचच्या जागी लिहिते – उपाशी.
नाहीतर – पेजेनंतर दोन तास.
उकड्या तांदळाची पेज: दोनशे सहा.
नाचणीची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं: एकशे एकसष्ट.
गौरांगच्या बारशाचा अर्धा पेढा, देवाशपथ अर्धाच:
रकाना कोरा.
सही मात्र रोज करते. सवय.

सगळं उलटं झालंय.
तिथे आकडा चढला की माल एक नंबर,
इथे चढला की डॉक्टर मुकादम चष्मा काढून ठेवतात.

वैशाखात साठं घालायची घाई.
दोन डझन आंबे पिळले, हात फडक्याला पुसले,
वेळ झाली होती म्हणून टोचलं.

तीनशे अठ्ठेचाळीस.

वडलांचा अंगठा आठवला.
मग पाऊल.
मग पायजम्याची ती दुमडून पिनेनं लावलेली बाजू.
मुलाला फोन लावला, तो ड्युटीवर, उचलला नाही.
काय गो, कोणाला हाका मारतेस,
कुंपणापलीकडून कुंदावहिनी.
सांगितलं. रडतच सांगितलं.
त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या,
"हात धुतलंस काय?"

हात.

बावीस वर्षं नव्या पोरींना मीच शिकवलं की
काच आधी पाण्यानं धुवायची,
शून्य पाण्यावर लावायचं, थेंब मग.
नाहीतर मागच्या आंब्याचा गोडवा
पुढच्याच्या नावावर चढतो.

साबण लावला कोपरापर्यंत,
देवळात जाताना लावत नाही इतका.
कोरडे केले. दुसरं बोट.
एकशे सत्तेचाळीस.

एक पट्टी फुकट गेली.
पायरीवर बसून हसले, मग पुन्हा थोडी रडले.
टाकलेल्या पट्टीवर माशी येऊन बसली,
तिच्या मते आकडा बरोबर होता.

वहीत दोन्ही लिहिले. खोडाखोड फॅक्टरीतही चालायची नाही.
पहिल्यापुढे शेरा मारला: हा आंब्याचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागीलदारी कुंदावहिनी,
डावा हात पदराखाली.
अकरा वर्षं झाली मला, म्हणाल्या, घरात ठाऊक नाही.
माझं मशीन तांदळाच्या डब्यात बंद पडलंय.
बघ जरा. पण तुझ्या त्या फॅक्टरीसारखं ओरडू नको.

हात धुऊन आल्या होत्या, बोटं अजून ओली.
मी पदरानं पुसली एकेक,
टोचलं, थेंब वर येऊ दिला,
आणि आकडा
त्यांच्या कानात सांगितला.